कॅथलॅब आली, रात्री दोनच्या गोळीचे काय?

प्रति,
रुग्णालयांचे संचालक, वैद्यकीय अधीक्षक आणि अतिदक्षता विभागांचे प्रमुख

विषय : मेंदूतला एन्युरिझम फुटलेल्या रुग्णांची देखभाल आणि तिचे मोजमाप

स. न. वि. वि.

मेंदूतल्या धमनीवर आलेला फुगा, म्हणजे एन्युरिझम, फुटलेले रुग्ण आपल्याकडे घ्यायचे ठरले की पहिली बैठक यंत्रांची होते. दोन बाजूंनी एकाच वेळी चित्र घेणारी कॅथलॅब, ऑपरेशनचा मायक्रोस्कोप, फुगा आतून भरून बंद करणाऱ्या बारीक तारांचा, म्हणजे कॉइलचा साठा. हे सगळे लागतेच, त्यावर वाद नाही. पण सहा महिन्यांनी रुग्ण स्वतःच्या पायांनी कामावर जातो की नाही, हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टींचे टेंडर निघत नाही. कॅज्युअल्टीत त्या डोकेदुखीला अर्धशिशी म्हणून कोणी घरी पाठवले? मेंदूला नंतरच्या इजेपासून वाचवणारी निमोडिपिनची रात्री दोनची गोळी दिली गेली का? पलंगाची डोक्याकडची बाजू वर केल्यावर ड्रेनची, म्हणजे मेंदूतले पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, पातळी कोणी पुन्हा लावली? हे पत्र त्या बिनटेंडरच्या कामांबद्दल आहे.

धमनीला फांदी फुटते तिथली भिंत कमजोर होऊन फुगते आणि एक दिवस फाटते. रक्त धमनीच्या पूर्ण दाबाने मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरते, कवटीतला दाब क्षणात चढतो, काही जण जागीच कोसळतात. भोकावर गुठळी बसली तरच रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतो, आणि सुरुवातीच्या तासांत त्याचा सगळा भरवसा त्या कच्च्या गुठळीवर असतो. साधारण आठांतला एक रुग्णालय गाठण्याआधीच दगावतो. पहिल्या महिन्याअखेर एक तृतीयांशाच्या आसपास रुग्ण गेलेले असतात. पक्षाघाताच्या सगळ्या प्रकारांत याचा वाटा जेमतेम ५ टक्के, पण रुग्णाचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास. घर त्याच्यावर चालत असते.

सुरुवात कॅज्युअल्टीपासून करू. बेशुद्ध आलेल्या रुग्णाचे निदान सहसा चुकत नाही, त्याचा सीटी होतोच. चुकतो तो चालत आलेला, बोलणारा, ‘डोके फार दुखतेय’ म्हणणारा. आणि नेमका त्याचाच बरा होण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या रुग्णमालिकेत पहिल्या भेटीत सुमारे १२ टक्के रुग्णांचे निदान चुकले होते आणि चुकीचे सर्वांत मोठे कारण होते सीटीच न काढणे. म्हणून प्रश्न ‘किती दुखते’ असा विचारू नये. ‘दुखणे सुरू झाल्यापासून शिखराला पोहोचायला किती वेळ लागला’ असे विचारावे. उत्तर ‘क्षणात’, ‘डोक्यात काहीतरी फुटल्यासारखे’ असे आले की पुढचे सगळे बदलले पाहिजे. वेदनाशामकाने बरे वाटले, हा पुरावा नव्हे. मान आखडायला काही तास लागतात, त्यामुळे लवकर आलेल्या रुग्णाची मान मऊ असू शकते.

ओटावा नियमाचा तक्ता कॅज्युअल्टीच्या भिंतीवर असावा. शुद्धीवर असलेल्या, मार न लागलेल्या, तासाभरात शिखराला गेलेल्या नव्या डोकेदुखीसाठी तो आहे. वय ४० किंवा अधिक, मान दुखणे वा आखडणे, कोणाच्या तरी देखत शुद्ध हरपणे, श्रम करताना सुरुवात, क्षणात शिखर, तपासताना मान पुढे न वाकणे : सहांपैकी एकही असले तरी तपास करायचा. या नियमामुळे बरेच अनावश्यक सीटी होतील हे खरे, कारण त्याची रचनाच कोणी सुटू नये अशी आहे.

दुखणे सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत, आधुनिक यंत्रावर काढलेला आणि जाणकाराने वाचलेला साधा सीटी जवळजवळ चुकत नाही. पुढे रक्त विरत जाते आणि आठवड्याने तर सीटीवर विसंबताच येत नाही. ‘६ तास’ हे सीटीपर्यंतचे असतात, नोंदणी खिडकीपर्यंतचे नव्हेत. रुग्ण खूप रक्तक्षीण असेल तर ताजे रक्तही सीटीवर पांढरे दिसत नाही, मेंदूच्या रंगात मिसळून जाते. उशिरा आलेल्याचा सीटी स्वच्छ असेल तर पाठीतून पाणी काढावे लागते, तेही सुरुवातीपासून १२ तास उलटल्यावर, कारण रक्तपेशी फुटून पाण्याला पिवळी छटा यायला तेवढा वेळ जातो. घाईने काढलेल्या पाण्यातले रक्त सुईचे की रोगाचे, हे मग कोणीच सांगू शकत नाही. त्याऐवजी थेट सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्या दाखवणारा सीटी, करण्याचा कल वाढला आहे. ती चालते, पण सुमारे ३ टक्के प्रौढांच्या डोक्यात न फुटलेला फुगा असतोच हे ध्यानात ठेवून. दिसलेला प्रत्येक फुगा फुटलेला नसतो.

आणखी दोन सापळे. एका डोळ्याची पापणी पडलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झालेली असेल, तर मागच्या जोडधमनीवरचा फुगा नसांवर दाबत आहे असे समजून त्याच दिवशी तपास. दुसरा सापळा अधिक घातक. मेंदूत रक्त सांडले की अॅड्रेनालीनचा लोट येतो, ईसीजी बिघडतो, हृदयाची इजा दाखवणारे ट्रोपोनिन रक्तात वाढते, कधी हृदयाचे आकुंचनच मंदावते. कोसळलेल्या माणसाचा असा ईसीजी पाहून हृदयविकाराचे निदान होते आणि अॅस्पिरिन, हेपरिन सुरू होते. ज्या गुठळीवर जीव टांगलेला आहे, तीच आपण विरघळवायला घेतो. कोसळण्याआधी डोके दुखले होते का, एवढे नातेवाइकांना विचारायला अर्धे मिनिट लागते.

निदानानंतरचा शत्रू एकच : पुन्हा फुटणे. त्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक, त्यातही पहिल्या ६ तासांत. आणि दुसऱ्यांदा फुटले की निम्म्याहून अधिक रुग्ण हाती लागत नाहीत. म्हणून फुगा शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत बंद व्हावा. तोवर रक्तदाब. वर्षानुवर्षे ‘१६० खाली’ हा आकडा सर्वत्र लिहिलेला आहे. अमेरिकेतील हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशनच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना असा एकच आकडा देत नाहीत. फार चढू देऊ नका, फार पाडू नका आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेलकावे खाऊ देऊ नका, असा त्यांचा रोख आहे. जिभेखाली गोळी देऊन दाब धाडकन पाडणे त्यात बसत नाही. पंपावर मोजून देता येणारे औषध, दाब सतत मोजणारी धमनीतली नळी, वेदनेवर आणि उलटीवर उपचार. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर त्यांचा उतारा लगेच. गुठळी टिकवून रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडबद्दल २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्ट्रा चाचणीत ९५५ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतरच्या स्थितीत फायदा दिसला नाही. तेव्हा इंजेक्शन दिले म्हणून सकाळपर्यंत थांबता येते, हा समज काढून टाकावा.

रुग्ण पाठवणाऱ्या लहान रुग्णालयांना विनंती : चिठ्ठीत ‘ब्रेन हॅमरेज, पुढील उपचारासाठी’ एवढेच नको. दुखणे सुरू झाल्याची वेळ, शुद्ध गेली होती का आणि किती वेळ, झोपेचे औषध देण्यापूर्वीचा शुद्धीचा ग्लासगो स्कोअर (डोळे, बोलणे, हालचाल असा सुटा सुटा), बाहुल्या, कोणता हात-पाय कमी हलतो, दिलेली औषधे वेळेसह. सीटीचा नुसता रिपोर्ट नको, चित्रे हवीत. शुद्ध उतरत असेल तर श्वासनलिका निघण्यापूर्वी टाकावी, रस्त्यात नव्हे.

आणि स्वीकारणाऱ्यांना एक कडू गोष्ट. वर्षाला ३५हून जास्त असे रुग्ण पाहणाऱ्या केंद्रांतले निकाल १०हून कमी पाहणाऱ्यांपेक्षा चांगले असतात, हे वारंवार दिसले आहे. आपल्याकडे वर्षाला पाच-सहाच येत असतील तर कॅथलॅबवर खर्च करण्याआधी चोवीस तास उचलला जाणारा एक फोन आणि सुसज्ज अॅम्ब्युलन्स यांवर करा. पाठवण्यात कमीपणा नाही. फोनवर फोन करत ‘बेड बघतो’ म्हणत वेळ काढण्यात मात्र रुग्ण जातो.

सर्वांत वाईट श्रेणीत आलेल्या रुग्णाबद्दल निर्णय घाईने होतात. पाणी तुंबून मेंदूच्या पोकळ्या फुगणे हे २० ते ३० टक्के रुग्णांत सुरुवातीलाच दिसते आणि निव्वळ त्यानेही माणूस खोल बेशुद्ध असू शकतो. आधी ड्रेन टाका, पाणी उतरू द्या, झटके थांबवा, मग श्रेणी ठरवा. पाचव्या, म्हणजे सर्वांत वाईट श्रेणीतला रुग्ण ड्रेननंतर काही तासांत सांगितलेले ऐकू लागतो, असे घडते. फुगा अजून उघडा असताना पाणी भसकन सोडू नये एवढीच खबरदारी. बाहेरचा दाब एकदम उतरला की फुग्याच्या भिंतीवरचा ताण वाढतो.

क्लिप (कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी लावायचा चिमटा) की कॉइल, यावर थोडक्यातच. २००२च्या आयसॅट चाचणीत, दोन्ही उपाय शक्य वाटलेल्या २१४३ रुग्णांपैकी वर्षाअखेर मृत किंवा परावलंबी झालेले कॉइलच्या गटात २३.७ टक्के आणि क्लिपच्या गटात ३०.६ टक्के होते. कॉइल केलेला फुगा पुन्हा भरण्याची शक्यता जास्त, म्हणून पाठपुरावा सक्तीचा. मेंदूच्या मधल्या धमनीवरचा फुगा आणि सोबत मोठी गुठळी असेल तर कवटी उघडणेच बरे. दोन्ही जाणणारे डॉक्टर एका टेबलाशी बसून ठरवोत. त्या रविवारी कोण ड्यूटीवर आहे यावरून ठरू नये.

आता मूळ मुद्दा. फुगा बंद झाला, नातेवाइकांना ‘यशस्वी’ असे सांगितले गेले. फुटल्याचा दिवस शून्य धरला तर चौथ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत आणखी एक संकट उभे असते. सांडलेले रक्त विघटित होऊ लागते, धमन्या आकसतात, बारीक रक्तवाहिन्यांतही बिघाड होतो आणि मेंदूचे भाग उपाशी पडू लागतात. जवळजवळ ३० टक्के रुग्णांना याचा फटका बसतो. व्याख्या साधी आहे : नवी कमजोरी, किंवा ग्लासगो स्कोअरमध्ये २ अंकांची घट, किमान तासभर टिकलेली, दुसरे कारण न सापडणारी. ही पकडायला दर तासाला कोणीतरी रुग्णाशी बोलावे लागते. काय बघायचे? बाहुल्या आणि स्कोअर तर आहेतच. दोन्ही हात समोर धरायला लावून कोणता खाली येतो ते पाहणे, पाय उचलायला सांगणे, दोन वस्तूंची नावे विचारणे. पुढच्या धमनीच्या प्रदेशात रक्त कमी पडले तर अर्धांग दिसतच नाही. माणूस गप्प होतो. काल बडबडत होता, आज विचारले तर हं-हूं. चार्टवर ‘झोपलेला, शांत’ अशी नोंद होते आणि मेंदूचा तुकडा मरतो. भेटीला आलेली बायको ‘हे आज नेहमीसारखे नाहीत’ म्हणाली तर ते लक्षण म्हणून लिहून घ्यावे.

हे काम चार रुग्णांमागे एक सिस्टर ठेवून होत नाही. पहिले दोन आठवडे एकास एक, फार तर दोनास एक. आणि त्या सिस्टर रोज बदलू नयेत, कारण कालच्याशी तुलना करणे हेच तर तपासणीचे मर्म. धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणारी डॉप्लर सोनोग्राफी उपयोगी आहे : मधल्या धमनीतला सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटीमीटरवर आणि मानेतल्या धमनीशी गुणोत्तर ३च्या वर गेले तर सावध, वेग २००वर गेला तर फार सावध. पण डॉप्लर ठीक आहे म्हणून समोर गप्प झालेल्या माणसाकडे दुर्लक्ष करणारे यंत्राचे गुलाम झाले म्हणायचे.

बदल दिसला की सोडियम, साखर, ताप, झटके, आणि पाणी तुंबले का यासाठी सीटी, हे सगळे त्याच तासात. त्यात उत्तर नाही आणि फुगा बंद आहे, तर नॉरअॅड्रेनालीनने रक्तदाब चढवून लक्षण मागे हटते का ते पाहायचे. नाही हटले तर अँजिओग्राफी, आकसलेल्या धमनीत औषध किंवा बलून. सकाळच्या राउंडपर्यंत थांबण्याची सोय यात नाही. उलट, लक्षण नसतानाच सलाइन ओतून फुप्फुसे भरण्याची जुनी पद्धत आता सोडलेली आहे. रक्ताचे आकारमान सामान्य ठेवायचे, जास्त नाही. तुमच्या छापील प्रोटोकॉलमध्ये मॅग्नेशियम आणि स्टॅटिन हेही उपाय म्हणून असतील तर तो जुना झाला आहे. मोठ्या चाचण्यांत दोन्ही निरुपयोगी ठरले.

उरते ते निमोडिपिन. ६० मिलीग्रॅम, दर ४ तासांनी, २१ दिवस. म्हणजे १२६ डोस. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ५५४ रुग्ण होते. मेंदूचा भाग मरण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२वर आणि वाईट परिणामांचे ३३वरून २०वर आले. अँजिओग्राफीत धमन्या रुंदावलेल्या दिसत नाहीत, तरी फायदा होतो. इतक्या साध्या औषधाची वाट लागते ती अशी : गोळीनंतर रक्तदाब उतरतो, ड्यूटीवरचा डॉक्टर ‘आता देऊ नका’ म्हणतो आणि ते ‘आता’ तीन दिवस चालते. त्याऐवजी ३० मिलीग्रॅम दर २ तासांनी द्यावे, द्रव पुरेसे आहेत का ते पाहावे, गरज पडली तर दाब वाढवणारे औषध जोडावे. रुग्ण वॉर्डात हलवला की दोनचा आणि सहाचा डोस गळतो, कारण वॉर्डाच्या औषध फेऱ्या वेगळ्या वेळी असतात. बाराव्या दिवशी घरी सोडताना उरलेले नऊ दिवस चिठ्ठीत उतरत नाहीत.

नाकातल्या नळीतून द्यायचे असेल तेव्हा विशेष जपा. कॅप्सूलमधला द्रव साध्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये ओढून ठेवला आणि तो चुकून शिरेत गेला, असे प्रकार घडलेले आहेत आणि त्यात माणसे दगावली आहेत. तोंडी औषधाची, शिरेच्या कनेक्टरला न बसणारी सिरिंजच वापरायची, ती फार्मसीत भरली जावी आणि तिच्यावर ‘फक्त नळीतून’ असे ठळक लिहावे. झटक्यांसाठी सवयीने फेनिटॉइन लावले जाते. ते निमोडिपिनची रक्तातली पातळी पाडते आणि स्वतःही बुद्धीच्या दृष्टीने घातक ठरले आहे. गरजच असेल तर लेव्हेटिरासेटाम, तेही थोडे दिवस.

ड्रेनबद्दल : शून्याची पातळी कानाच्या छिद्रासमोरच्या कुर्चेला. डोके १० सेंटीमीटर वर गेले आणि ड्रेन तिथेच राहिला, तर पाणी तितक्या जास्त जोराने बाहेर पडते. डोके खाली गेले तर थांबते. हलवताना, कूस बदलताना, फिजिओथेरपीच्या वेळी ड्रेन बंद करायचा आणि काम झाल्यावर उघडायचा. उघडायला विसरणे ही अगदी नेहमीची चूक. दोन तासांनी रुग्ण सुस्तावतो आणि धमन्या आकसल्या असे वाटून धावपळ होते. रोज नमुना काढण्याची सवय संसर्गाला आमंत्रण देते. कमरेतून पाणी काढण्याबद्दल २०२३च्या अर्लीड्रेन चाचणीचा निकाल दखल घेण्याजोगा आहे : २८७ रुग्ण, फुगा बंद केल्यानंतर तासाला ५ मिलिलीटर, सहा महिन्यांनी वाईट स्थितीत असलेले ४४.८ऐवजी ३२.६ टक्के. लागणारे साहित्य फारच साधे आहे. मात्र नळी उघडी राहून तासाला ५चे ५० झाले तर जिवावर बेतते, म्हणून हेही कॅथलॅबपेक्षा सिस्टरचेच काम.

सोडियम उतरले की ‘पाणी कमी करा’ असा आदेश निघतो. या रोगात तो बहुधा चूक ठरतो. मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी दोन्ही वाहून जात असताना पाणी तोडले तर आधीच आकसलेल्या धमन्यांतला प्रवाह आणखी घटतो. लघवीचे मोजमाप, ३ टक्क्यांचे सलाइन, जरूर तर शरीरात मीठ धरून ठेवणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन.

शेवटी मोजमापाचा प्रश्न. डिस्चार्जच्या दिवशी ‘चालत गेला’ अशी नोंद करून आपण थांबतो. त्यानंतरचे कळतच नाही. चालणाऱ्या-बोलणाऱ्या रुग्णांतही स्मरण, एकाग्रता, कामाची आखणी यांत खोट राहणे सर्रास आढळते. थकवा आणि नैराश्य वेगळेच. निघण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी मोका ही छोटी बौद्धिक चाचणी करा. डोळ्यांच्या तज्ज्ञाला दाखवा, कारण काहींच्या डोळ्यांतही रक्त उतरलेले असते आणि ‘नीट दिसत नाही’ हे मेंदूचे मानून सोडले जाते. काही आठवड्यांनी चाल अडखळू लागली, लघवीवर ताबा राहिना, विसरणे वाढले तर ते मनाचे दुखणे समजू नका, पाणी पुन्हा तुंबले का पाहा. तुंबलेले पाणी शरीरातच दुसरीकडे वळवणाऱ्या नळीने, म्हणजे शंटने, माणूस उभा राहतो. क्लिप वा कॉइलचा तपशील असलेले कार्ड हातात द्या, पुढच्या एमआरआयच्या वेळी लागते. तंबाखूचा धूर आणि रक्तदाब यांवर त्याच दिवशी बोला. घरातल्या दोघा जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांना हा आजार झालेला असेल, तर बाकीच्यांची तपासणी सुचवा.

सहाव्या महिन्यात एक फोन करून रॅंकिन स्कोअर, म्हणजे रुग्ण किती स्वावलंबी आहे याचा अंक, विचारण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमावा, ही आमची पहिली मागणी. दुखणे ते सीटी, सीटी ते फुगा बंद होणे हे तास, आणि दर हजार ड्रेन-दिवसांमागचे संसर्ग, हे आकडे दर तिमाहीला संचालकांच्या टेबलावर यावेत, ही दुसरी. तिसरीला पैसेही लागत नाहीत. मागच्या दहा रुग्णांची औषधपत्रके काढा, निमोडिपिनच्या ओळीवर बोट ठेवा आणि रात्री दोनचे किती रकाने रिकामे आहेत ते मोजा. मोजताना वॉर्डाच्या सिस्टरना सोबत घ्या. तो रकाना का रिकामा राहतो हे त्यांना ठाऊक असते.

आपले,
मेंदूच्या अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि पुनर्वसन तज्ज्ञ